स्मित : एक शब्द आणि त्याचे गणगोत



पारावर चार माणसे बसलेली असतात. त्यांतला एखादा खो खो करून हसला, तर त्याला 'का हसलास?' असे कोणी विचारीत नाही. झालेला विनोद सगळ्यांनीच ऐकलेला असतो. आणि नसला ऐकलेला, तर हसणारा स्वतःच डोळे पुशीत तो सांगू लागतो. पण तोच माणूस काही न बोलता गालातल्या गालात हसला, की शेजारचा लगेच कोपराने ढोसतो. "का रं, काय झालं हसायला?" आणि त्याने "काही नाही" असे उत्तर दिले, तर विचारणाऱ्याचे समाधान होत नाहीच, उलट संशय वाढतो. हा आपल्याला तर हसला नाही ना?

मोठ्या हसण्याला खुलासा लागत नाही, बारीक हसण्याला मात्र लागतो. असे का व्हावे? या बारीक हसण्याला पुस्तकी मराठीत एक शब्द आहे, 'स्मित'. त्या शब्दाचा अर्थ काय, तो आला कोठून आणि त्याचे सगेसोयरे कोण, एवढाच आजच्या भाषणाचा विषय. विषय दिसतो लहान. पण या शब्दाचा अर्थ नीट न कळल्यामुळे शाळेत मुलांनी मार खाल्लेला आहे. ते पुढे सांगतो.

पहिली गोष्ट अशी, की 'स्मित' हा शब्द खेड्यात कोणी बोलत नाही. शहरातही बोलत नाहीत. 'मला पाहून त्याने स्मित केले' असे म्हणणारा माणूस कादंबरीतला तरी असतो किंवा नाटकातला. आपण म्हणतो, गालातल्या गालात हसला. ओठांतल्या ओठांत हसली. म्हातारा मिशीतल्या मिशीत हसला. मी आपला मनातल्या मनात हसलो. या शब्दप्रयोगांची घडण पहा. प्रत्येक ठिकाणी हसू कशाच्या तरी आत आहे. कणगीत धान्य भरून ठेवावे तसे ते गालात, ओठांत, मिशीत साठवलेले आहे. आणि शब्द दोनदा उच्चारावयाचा, 'गालातल्या गालात', म्हणजे ते बाहेर सांडलेच नाही याची खात्री.

याखेरीज आवाजावरून केलेले शब्द आहेतच. लहान मूल खुदकन हसते. वर्गातली मुले खुसूखुसू हसतात. दाबून धरलेले हसू नाकावाटे निसटले, की 'फिसकन हसला' असे आपण म्हणतो. दिवाळीतली करंजी खुसखुशीत असते आणि एखाद्याचा लेखही खुसखुशीत असतो. तेव्हा या खुसखुशीचे नाते दातांशी की हसण्याशी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण एक फरक इथेच करून ठेवू. खुसूखुसू आणि फिसकन यांत आवाज आहे, थोडा का होईना. ते मोठे हसणेच आहे, फक्त त्याच्यावर झाकण ठेवलेले आहे. गालातल्या गालात हसण्यात आवाजच नाही. झाकण घट्ट बसले म्हणून आवाज आला नाही असे नव्हे. तिथे मुळात उकळीच नव्हती. आपण दोन्हींना 'हळूच हसणे' म्हणतो आणि मोकळे होतो. स्मित या शब्दाची जन्मकथा मला सांगावीशी वाटते ती या फरकासाठी.

संस्कृतात हसण्याचे मुख्य धातू दोन. एक हस्. त्याच्यापासून हास, हास्य, उपहास, परिहास, प्रहसन हे शब्द झाले, आणि प्राकृताच्या वाटेने उतरत उतरत आपले 'हसणे' हे रोजचे क्रियापदही त्याच्यापासूनच आले. दुसरा धातू स्मि. त्याचे वर्तमानकाळी रूप स्मयते. पाणिनीय परंपरेतल्या धातुपाठात त्याचा अर्थ 'थोडे हसणे' असा दिलेला आहे. अमरकोशही स्मित म्हणजे किंचित हसणे असेच सांगतो. इथूनच आपल्या डोक्यात एक हिशेब पक्का बसतो: हसण्यातून बरेचसे वजा केले, की उरते ते स्मित. शेराचे पावशेर.

कोशकारांचा अधिकार मोठा आहे, पण हा हिशेब मला पुरता पटत नाही. नुसते 'कमी हसणे' एवढेच दाखवावयाचे असते, तर हस् धातूलाच एखादा उपसर्ग चिकटवून काम भागले असते. कित्येक भाषांनी तसे केलेलेही आहे. फ्रेंच भाषेत हसणे म्हणजे 'रीर'. त्यालाच 'खाली' या अर्थाचा उपसर्ग लावून 'सुरीर', म्हणजे स्मित करणे, असा शब्द लॅटिनपासून चालत आला. जर्मनांनी 'लाखेन' म्हणजे हसणे, या शब्दाचेच धाकटे रूप 'लेशेल्न' हे स्मिताला देऊन टाकले. थोरल्याचे कपडे धाकट्याला घालावेत तशातला हा प्रकार. संस्कृताने ते केले नाही. स्मितासाठी तिने वेगळा धातू ठेवला, म्हणजे वेगळे कूळ मानले.

कूळ वेगळे, हे त्यातल्या माणसांवरून ओळखावे. स्मि धातूला 'वि' हा उपसर्ग लागला की होतो विस्मय. विस्मित, विस्मयकारक हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. आता हसण्याचा आणि आश्चर्याचा संबंध काय? एखादे मूल पहिल्यांदाच समुद्र पाहते तेव्हा त्याच्या तोंडाकडे पहा. डोळे विस्फारतात, गाल वर चढतात, ओठ विलग होतात. ते हसते आहे की चकित झाले आहे, हे आईलासुद्धा सांगता येणार नाही. चेहरा उघडतो, एवढे खरे. संस्कृत कवी उमललेल्या फुलालाही 'स्मित' म्हणतात ते याच अर्थाने. याच धातूचे 'स्मेर' असे एक विशेषण आहे. त्याचा अर्थ हसरा, तसाच उमललेला. 'स्मय' असाही एक शब्द आहे. त्याचा अर्थ आश्चर्य, आणि कधी कधी गर्व. गर्विष्ठ माणूसही फुलतोच की! तेव्हा या धातूचा गाभा हसण्याच्या मापात नसून उमलण्यात आहे, असे मला वाटते.

हे वाटणे केवळ माझ्या मनाचे खेळ नव्हेत. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सर विल्यम जोन्स यांनी असे प्रतिपादन केले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांतले साम्य इतके आहे, की त्या एकाच उगमातून निघालेल्या असल्या पाहिजेत. पुढे भाषापंडितांनी शब्दांची कुळे ताडून पाहिली, तेव्हा स्मि धातूचे नातेवाईक दूरदूर पसरलेले आढळले. इंग्रजीतला 'स्माइल' हा आपल्या स्मिताचा चुलत भाऊ. रशियन भाषेत हसण्याला जे क्रियापद आहे, 'स्मेयात्सा', तेही याच घरचे. पण खरी गंमत लॅटिनमध्ये आहे. तिथे आरंभीचा सकार गळाला आणि शब्द झाला 'मिरुस'. अर्थ? अद्भुत, नवल वाटावे असा. आपला 'स्मेर' आणि लॅटिनांचा 'मिरुस' यांची घडण एकच. एका घरी अर्थ झाला हसरा, दुसऱ्या घरी अद्भुत. इंग्रजीतून आपल्या कानांवर येणारे मिरॅकल म्हणजे चमत्कार, ॲडमायर म्हणजे कौतुक करणे, इतकेच काय पण मिरर म्हणजे आरसा, हे सगळे त्या मिरुसच्या गोतावळ्यातले. हजारो कोस अंतरावर बसलेल्या दोन भाषांनी एकमेकींना न विचारता स्मिताला आश्चर्याच्या शेजारी बसविले आहे.

तो सकार कसा गळाला, असा प्रश्न चौकस श्रोत्याच्या मनात येईल. जोडाक्षराच्या आरंभीचा सकार-शकार जिभेला जड जातो. आपण तरी काय करतो? श्मशानाचे मसण केले, मसणवटा केला. स्नानाचे न्हाण केले. पालीने उलट केले, तिने सकार ठेवला आणि मकार टाकला. पालीत स्मिताला 'सित' म्हणतात. मराठीच्या तोंडी मात्र हा शब्द घासून गुळगुळीत झालाच नाही. तो पोथ्यांतून आला आणि पुस्तकांत राहिला. म्हणून अजूनही जरा इस्त्रीतल्यासारखा वाटतो.

इथे शिक्षकबंधूंसाठी एक-दोन सूचना. या कुळाशी नुसते नावाचे साम्य असलेले काही परके शब्द आहेत. उत्तरपत्रिका तपासताना मला 'ताजमहाल पाहून मी विस्मृत झालो' असे वाक्य दरवर्षी नव्या अक्षरात भेटते. विस्मृत हा शब्द स्मृ धातूचा. स्मरण, स्मारक, स्मृती हे त्याचे भाऊबंद. विस्मृत म्हणजे विसरलेले. ताजमहाल पाहून माणूस विस्मित होतो. विस्मृत होतात ती आम्ही शिकविलेली प्रकरणे. दुसरा शब्द 'अस्मिता'. स्मिता म्हणजे हसरी, तेव्हा अस्मिता म्हणजे न हसणारी, असे एका विद्यार्थिनीने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. तिचा तर्क व्याकरणाला धरून होता, पण शब्दाला धरून नव्हता. 'अस्मि' म्हणजे 'मी आहे'. त्याचे भाववाचक नाम अस्मिता, मीपणा. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आहेत, त्यांतला हा एक. आपण हल्ली हा शब्द अभिमानाने मिरवितो. अस्मिता जागी झाली की स्मित बहुधा मावळते हे खरे. पण तो व्युत्पत्तीचा विषय नव्हे.

आता पुन्हा मूळ मुद्द्याकडे येऊ. स्मित म्हणजे कमी केलेले हसणे नव्हे, याला भाषेबाहेरचा पुरावा पाहिजे असेल तर पाळण्याजवळ जा. तान्हे मूल झोपेत मध्येच हसते. आपल्या बायका म्हणतात, सटवाई हसवतेय. ते हसणे कोणासाठी नसते. मग दीड-दोन महिन्यांचे झाले, की आईचे तोंड दिसताच मूल ओळखीचे हसते. आवाज न करता; नुसता चेहरा फुलतो. खळखळून, आवाज करून हसणे यायला साधारण चौथा महिना उजाडावा लागतो. म्हणजे धाकटे कोण आणि थोरले कोण? स्मित आधी जन्मते, हास्य मागून येते. मागून आलेल्यातून वजाबाकी करून आधीचे कसे तयार होईल?

व्हान होफ नावाच्या डच प्राणिशास्त्रज्ञांनी माकडांच्या चेहऱ्यांचा अभ्यास करून १९७२ साली असे मत मांडले, की माणसाचे स्मित आणि माणसाचे हास्य यांचे पूर्वज निरनिराळे असावेत. माकडे खेळात आली म्हणजे तोंड सैल उघडून धापा टाकल्यासारखा आवाज करतात, त्यातून हास्य आले. आणि आपल्यापेक्षा बलवान माकडापुढे 'मी भांडायला आलेलो नाही' हे सांगण्यासाठी ती ओठ मागे ओढून गप्प राहतात, त्यातून स्मित आले. हे मत सगळ्यांनी मान्य करावे असा माझा आग्रह नाही. पण हस् आणि स्मि असे दोन धातू ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांना ते ऐकून आनंद वाटला असता.

हसण्याची मोजदाद आपल्याकडे सर्वांत बारकाईने कोणी केली असेल तर ती भरतमुनींच्या नाट्यशास्त्राने. सहाव्या अध्यायात हास्यरसाचे सहा प्रकार दिले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. नटाने काय करावयाचे तेही सांगितले आहे. स्मितात गाल किंचित फुललेले, नजर मोहक आणि दात अजिबात दिसता कामा नयेत. हसितात तोंड आणि डोळे उमलतात, दात थोडे दिसतात. विहसितात आवाज येतो, पण गोड. उपहसितात नाक फुलते, नजर वाकडी होते, खांदे आणि डोके खाली जाते. अपहसित म्हणजे भलत्या वेळी हसणे. डोळ्यांत पाणी, खांदे गदगदताहेत. आणि अतिहसितात माणूस ओरडतो, डोळ्यांतून पाणी वाहते आणि दोन्ही हातांनी कुशी धरतो. दोन हजार वर्षांच्या जवळपास जुना हा ग्रंथ. पण तमाशाच्या तंबूत पुढच्या रांगेकडे तोंड करून उभे राहावे, सहाही प्रकार एका बैठकीत दिसतील.

दातांची ही कसोटी आपल्या बोलीतही आहे, हे लक्षात घ्या. 'दात काय काढतोस?' 'बत्तिशी दाखवू नकोस.' आणि लोक काय म्हणतील याची पर्वा न करणारा माणूस म्हणतो, 'हसतील त्यांचे दात दिसतील.' हसणे वाईट नाही, दात दिसणे वाईट. भरतमुनी आणि आपली आजी यांचे एवढ्यापुरते एकमत आहे.

एका ठिकाणी मात्र मला भरतमुनींशी भांडावेसे वाटते. या सहा प्रकारांची त्यांनी माणसांत वाटणी केली आहे. स्मित आणि हसित उत्तम पात्रांचे, विहसित आणि उपहसित मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित अधमांचे. राजाने ओठांत हसावे, सेवकाने कुशी धरून. रंगभूमीवर ही सोय असेल. पण या वाटणीचे पाणी हळूहळू आपल्या घरादारांत मुरले आहे. सभ्य माणूस मोठ्याने हसत नाही, असे आपण मुलांना शिकवितो. मुलींना तर फारच शिकवितो. खळ्यावर दिवसभर राबून रात्री शेकोटीपाशी पोट धरून हसणारा माणूस अधम कसा? आणि उलट पहा. आपल्या घरांत सुना पिढ्यान्‌ पिढ्या पदर तोंडाला लावून, आवाज न करता हसल्या. ते काही उत्तम प्रकृतीचे लक्षण म्हणून नव्हे. ओसरीवर सासरा बसलेला असे म्हणून. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. एक आतून फुललेले असते, दुसरे आतच गिळलेले असते. गिळलेल्या हसण्याला स्मित म्हणणे हे त्या शब्दावर अन्याय करणारे आहे, आणि त्या बाईवरही.

हसण्याचा आवाज माणसाला किती लागतो, हे महाभारताइतके कोणी दाखविले नसेल. मयसभेत दुर्योधन जमीन समजून पाण्यात पडला, तेव्हा द्रौपदी हसली आणि 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' असे म्हणाली, ही कथा आपण कीर्तनांत आणि नाटकांत ऐकतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची संशोधित आवृत्ती हाती घेतली ती १९१९ साली आणि पुरी केली १९६६ साली. तिच्यातले सभापर्व उघडून पहा, ते वाक्य तिथे नाही. प्रसंग घडतो तेव्हा हसतो भीम, हसतात सेवक, मग अर्जुन आणि नकुल-सहदेव. द्रौपदीचे हसणे येते ते नंतर, दुर्योधन घरी जाऊन धृतराष्ट्राला गाऱ्हाणे सांगतो तेव्हा. आणि तो काय सांगतो? कृष्ण अर्जुनासह मला हसला, ते आवाज करून हसला. द्रौपदीही बायकांसह हसली आणि माझ्या मनाला यातना झाल्या. आवाज करून, हे सांगायला तो विसरत नाही. कपडे भिजल्याचे दुःख वाळले असते. कानांत राहिलेला तो आवाज वाळला नाही.

आणि त्याच महाभारतात, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, दोन्ही सैन्यांच्या मध्ये धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाशी श्रीकृष्ण बोलू लागतो तो 'जणू हसत'. नुसते हसत नव्हे, जणू हसत. एवढ्या 'जणू'वर भाष्यकारांनी किती विचार केला आहे! रामानुजाचार्यांना तिथे थट्टेचा सूर ऐकू येतो. मधुसूदन सरस्वती म्हणतात, अर्जुनाला आपल्या वागण्याची लाज वाटावी म्हणून हे हसणे. मला विचाराल तर तिथे उपहास नसावा. समोरचा माणूस थरथर कापतो आहे. अशा वेळी वडीलधारे माणूस त्याच्याकडे पाहून ज्या तऱ्हेने ओठांत हसते, आणि त्या हसण्यानेच निम्मा धीर येतो, त्या तऱ्हेचे ते असावे. पण पहा, इतके थोर भाष्यकार असून त्यांनाही पारावरच्या त्या शेजाऱ्याचाच प्रश्न पडला: का हसला?

पाली ग्रंथांत हा प्रश्न उघडच विचारलेला आहे. मज्झिमनिकायातल्या घटीकार सुत्ताच्या आरंभी भगवान बुद्ध वाटेने चालता चालता एका जागी थांबतात आणि स्मित करतात. आनंदाच्या मनात येते, तथागत कारणावाचून स्मित करीत नाहीत. तो पुढे होऊन हात जोडून कारण विचारतो, आणि मग त्या जागेची सगळी जुनी हकीगत उलगडते. आनंदाने विचारले नसते, तर सुत्त झालेच नसते.

आता शाळेतली गोष्ट. मी प्राथमिक शाळेत असताना गणिताचा तास चालला होता. फळ्यावर नव्व्याण्णव गुणिले सात असा गुणाकार होता. गुरुजी हातचे घेत, खडू आपटीत, तो सोडवीत होते. माझ्या शेजारी एक मुलगा बसत असे. त्याचे लक्ष फळ्याकडेच होते, आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला. आवाज नाही, हालचाल नाही. गुरुजींनी वळून पाहिले. "दात काढायला काय झालं रे?" मी शपथेवर सांगतो, त्याचा एकही दात दिसत नव्हता. त्याला उत्तर देता येईना, आणि त्याच्या गालावर जे बसायचे ते बसले. मधल्या सुट्टीत त्याने मला सांगितले, "शंभर सत्ते सातशे. त्यातनं सात काढले की झालं की रं." एवढे अद्भुत त्याला त्या क्षणी दिसले होते. पुढे गणिताच्या तासाला तो खाली मान घालून बसे.

गुरुजी दुष्ट नव्हते. त्यांनी स्मिताला उपहास मानले, इतकेच. बारीक हसण्याचे कारण बाहेरून दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते आपल्याविरुद्धच असणार असे मानण्याची माणसाला खोड आहे. चाळीस मुलांपुढे एकट्याने उभे राहणाऱ्याला ती अधिकच जडते. पण भाषा काय सांगते ते पहा. उपहासात हस् धातू आहे. तिथे कोणीतरी खाली पडलेला असावा लागतो. स्मितात स्मि आहे, विस्मयाचा धातू. मुलाच्या तोंडावर तो दिसला, तर त्याला काहीतरी नवे दिसले असण्याचा संभव अधिक. आनंदाने विचारले तसे, कारण विचारून पाहायला फारसा वेळ लागत नाही.

स्मित हा शब्द बोलण्यात नाही म्हणून मराठीला हा भेद कळत नाही, असे मात्र समजू नका. मराठी तो क्रियापदांनी करते. हसू उमटते, वाळूवर पाऊल उमटावे तसे, आवाजावाचून. हसू फुटते, हे बांध फुटण्यासारखे, आता आवरणार नाही. हशा पिकतो, एकट्याने पिकत नाही, त्याला भरलेली सभा लागते. आणि हसे होते. एकाच धातूचे हे तीन वंशज, हसू, हशा आणि हसे. हसू एका चेहऱ्याचे, हशा गर्दीचा, आणि हसे कोणाचे तरी. फळ्यावर हे तीन शब्द लिहून मुलांना वाक्ये करायला सांगा. पाचवीतली मुलेही सहसा चुकत नाहीत. एखादे मूल 'हसू दाबले', 'हसू आवरले', 'हसू लपविले' अशी भर घालील. तो शब्दसंग्रह घरूनच आलेला असतो.

आता शेवटी या माध्यमाची एक गोष्ट. मी इथे बंद खोलीत बोलतो आहे, तुम्ही तिकडे ऐकता आहात. माझे तोंड तुम्हांला दिसत नाही. तेव्हा आकाशवाणीवर स्मित फुकट, असे वाटेल. तसे नाही. स्मित करताना ओठ ताणले जातात, तोंडातली हवेची वाट किंचित आखूड होते. बासरीच्या तोंडाजवळचे भोक उघडे टाकले, की स्वर चढतो. तसाच हसऱ्या तोंडातून निघालेला शब्द थोडा उजळ होऊन येतो, आणि कान तो ओळखतात. दूर दिलेल्या लेकीचा फोन येतो. ती काहीतरी साधेच विचारीत असते, पाऊस पडला का, गाय व्याली का. आणि इकडे आई मध्येच तिला थांबवून विचारते, "हसतेस का गं? काय झालं?"